खेळातले दुकान आणि दुकानदाराची पत

संगणकावरच्या खेळांकडे साहित्याच्या अंगाने पाहावे की पाहू नये, या वादाला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९९७ साली जॅनेट मरे यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' आणि एस्पेन आर्सेथ यांचे 'सायबरटेक्स्ट' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली आणि पुढच्या काही वर्षांत अभ्यासकांच्या दोन फळ्या उभ्या राहिल्या. खेळ हे कथनाचेच एक नवे रूप आहे, असे एकीचे म्हणणे. खेळाला त्याचे स्वतंत्र शास्त्र हवे, कथनमीमांसेची मापे त्याला लावू नयेत, असे दुसरीचे. मरे यांना 'टेट्रिस'मधल्या अखंड कोसळणाऱ्या ठोकळ्यांत नव्वदच्या दशकातल्या, कामाच्या ओझ्याने वाकलेल्या अमेरिकन माणसाचे जगणे दिसले. मार्कू एस्केलिनेन यांनी २००१ साली या अर्थनिर्णयनावर कडाडून टीका केली. साहित्याच्या वर्गात खेळांचा विषय निघाला की चर्चा अजूनही बहुधा याच दोन रुळांवरून जाते.

मला या चर्चेत एक गोष्ट सतत खटकत आली आहे. दोन्ही फळ्यांच्या नजरेसमोर असतो तो एकटा खेळाडू, आधीच रचून ठेवलेल्या कृतीला सामोरा जाणारा. वाचकाच्या जागी खेळाडू आणि लेखकाच्या जागी खेळाचा रचनाकार बसवला की आपल्या ओळखीचे चित्र पुरे होते. पण या चित्रात कुठेच न मावणारा एक माणूस आहे. तो म्हणजे ऑनलाईन खेळात दुकान थाटून बसलेला खेळाडू. तो नायक नाही, वाचक नाही आणि रूढ अर्थाने लेखकही नाही. तरीही माझे मत असे की साहित्याच्या अभ्यासकाने या खेळांत कुणाकडे नीट पाहायचे असेल, तर ते या दुकानदाराकडे. आणि त्याचे दुकान का बसले, हेही समजून घ्यायला हवे.

मरे आणि आर्सेथ यांची पुस्तके निघाली त्याच वर्षी, सप्टेंबर १९९७ मध्ये, 'अल्टिमा ऑनलाईन' हा खेळ सुरू झाला. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा' मालिकेतले ब्रिटानिया हे जग आता हजारो माणसांना एकाच वेळी वावरण्यासाठी खुले झाले होते. या जगात तलवार किंवा जादू शिकण्याची सक्ती नव्हती. लोहारकाम, शिवणकाम, सुतारकाम, मासेमारी, स्वयंपाक असे उद्योग पत्करून राक्षसाच्या वाटेला न जाताही राहता येत असे. ज्यांनी असे उद्योग पत्करले त्यांच्यापुढे लवकरच जुनाच प्रश्न उभा राहिला: बनवलेला माल विकायचा कुठे?

दुकान थाटण्याची रीत मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण मुद्दा त्या तपशिलातच आहे. समजा लोहाराचे दुकान काढायचे आहे. आधी डोंगरात जाऊन कुदळीने धातुक खणायचे, भट्टीवर ते वितळवून कांबी करायच्या आणि मग वस्तू घडवत बसायचे. हात बसण्याचा दुसरा मार्ग नसे. खंजिरांवर खंजीर घडवावेत तेव्हा कौशल्याचा आकडा कणाकणाने वर सरके. परिणामी शिकाऊ कारागिरांनी घडवलेल्या, कुणालाही नको असलेल्या वस्तूंचा जगात खच पडे. माल मागणीसाठी नव्हे, घडवणाऱ्याच्या हातासाठी निघत होता. नवोदित कवींच्या वह्यांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे अर्थशास्त्र निराळे समजावून सांगायला नको. उस्तादपणाला पोचलेल्या लोहाराच्या उत्तम वस्तूवर मात्र त्याचे नाव उमटवता येई, आणि ती वस्तू पुढे दहा हातांतून फिरली तरी ते नाव तिच्यावर राही.

मग घर. घराचा दस्त विकत मिळे, परंतु तो वापरायला मोकळी, सपाट जागा लागे, आणि जागा मोजकीच होती. पाहता पाहता ब्रिटानियाची रानेवने घरांनी भरून गेली. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी ती खऱ्या डॉलरांत ईबेवरून विकत घेतली. घराकडे मालक बराच काळ फिरकला नाही तर ते जीर्ण होत जाई आणि एके दिवशी कोसळे. ते कोसळण्याच्या घटकेला आतला ऐवज उचलायला टपलेल्या लोकांचा घोळका बाहेर जमलेला असे.

घर उभे राहिले की नोकर ठेवायचा. हा विक्रेता संगणकचालित असे. मालक झोपलेला असो की कामावर, तो दारात उभाच. त्याला नाव द्यायचे, कपडे चढवायचे, त्याच्याकडे माल सोपवायचा आणि प्रत्येक वस्तूला किंमत लावून सोबत चार शब्दांचे वर्णन लिहायचे. नोकराचा पगार मालाच्या किमतीच्या प्रमाणात कापला जाई. म्हणजे अवाच्या सवा भाव लावून वाट पाहत बसणे हेही फुकट नव्हते. पगाराचे पैसे संपले की नोकर निघून जाई आणि त्याच्याकडचा मालही त्याच्याबरोबर जाई. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी जाऊन गल्ला रिकामा करणे, संपलेला माल भरणे, शेजाऱ्याने भाव उतरवला का ते पाहणे, हे सगळे करावेच लागे.

राहता राहिले गिऱ्हाईक. आडरानातल्या दुकानाकडे कुणी आपोआप वळत नाही. त्यासाठी रून नावाच्या दगडावर दुकानाची जागा मंत्राने कोरून घ्यायची आणि असे दगड शहरातल्या बँकेसमोरच्या गर्दीत वाटायचे. काही खेळाडूंनी अशा दगडांची ग्रंथालयेच उभारली होती. तिथे जाऊन हवे त्या दुकानाचा दगड निवडावा आणि मंत्र म्हणून थेट दारात उतरावे. ग्रंथालय हा शब्द इथे केवळ उपमा नाही. कोरी पुस्तके विकत घेऊन त्यांत लिहिण्याचीही या खेळात सोय होती, आणि काही घरांत खेळाडूंनी लिहिलेल्या पुस्तकांची कपाटे असत.

आता एखादे दुकान नजरेसमोर आणू. जादूगारांना मंत्रांसाठी आठ प्रकारची सामग्री लागे: लसूण, जिनसेंग, काळे मोती, कोळ्याचे जाळे, गंधकाची राख इत्यादी. ती विकणारे दुकान हे या जगातले किराण्याचे दुकान म्हणावे. गिऱ्हाईक मध्यरात्री येतो. मालक तिथे नाही, किंबहुना मालक दुसऱ्या खंडात आपल्या घरी झोपलेला आहे. परंतु आठही जिनसा नेमक्या जागी आहेत, भाव कालचाच आहे, आणि दाराशी पाटी आहे. असे महिनोन्‌महिने घडत राहते तेव्हा त्या दोन माणसांत एक नाते तयार होते, जे दोघांनी एकमेकांशी एक शब्द न बोलताही खरे असते. मराठीत या नात्याला नेमका शब्द आहे: पत. पत म्हणजे बाजारातली विश्वासार्हता, आणि पत म्हणजे अब्रूही. खेळात राक्षस मारून जे मिळते ते गुण, पदव्या, वस्तू. हे सगळे यंत्र मोजते आणि यंत्रच देते. पत मात्र दुसऱ्या माणसांकडूनच मिळते आणि ती मोजण्याचा आकडा खेळात कुठेही नसतो.

म्हणून मी दुकानाला साहित्याच्या जवळचे मानतो. दुकानदार अनोळखी माणसासाठी एक रचना मांडून ठेवतो, तिच्यावर आपले नाव घालतो आणि स्वतः बाजूला होतो. काय पुढे ठेवावे, काय मागे, कशाला काय म्हणावे, हे निर्णय त्याचे. आलेला माणूस त्या निर्णयांवरून त्याचा स्वभाव ताडतो. खेळातल्या मोहिमांत नायकाला जे पात्रत्व रचनाकाराने बहाल केलेले असते, त्याहून हे वेगळे. इथे पात्र घडते ते इतरांच्या आठवणीत.

एक शंका इथे रास्तपणे घेतली जाईल. दिवसभर नोकरी करून थकलेल्या माणसाने रात्री पुन्हा हिशेब करत बसावे, याला खेळ म्हणायचे कसे? योहान हाइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स'मध्ये (१९३८) खेळाला भौतिक लाभापासून अलिप्त मानले. रॉजे काय्वा यांनी १९५८ साली त्याच धाग्यावर पुढे जाऊन खेळ हा मूलतः अनुत्पादक असतो असे प्रतिपादले. या व्याख्यांपुढे आपला दुकानदार दोषी ठरतो. मात्र भातुकली खेळलेल्या कुणालाही हा पेच फारसा अवघड वाटू नये. मुले राजाराणी होतात तशीच दुकानदारही होतात. पानांच्या नोटा करतात, खड्यांची साखर तोलतात आणि मापात पाप केले म्हणून भांडतात. श्रमाचे अनुकरण हा खेळाचा फार जुना आनंद आहे. खऱ्या नोकरीत माणसाला आपल्या कामाचा शेवट दिसत नाही. तो कुठल्यातरी साखळीतली एक कडी असतो. खेळातल्या लोहाराला खाणीपासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंतचा सगळा प्रवास आपल्या हाताने करता येतो. काम टाळायला नव्हे, तर पुरते काम करायला तो तिथे येत असावा, असे मला वाटते.

ही कल्पना सर्वांत पुढे नेली ती 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज'ने. 'अल्टिमा ऑनलाईन'च्या रचनेत महत्त्वाचा वाटा असलेले रॅफ कॉस्टर हे जून २००३ मध्ये सुरू झालेल्या या खेळाचे सर्जनशील दिग्दर्शक होते. इथे जवळजवळ सगळ्या कामाच्या वस्तू खेळाडूंनीच बनवायच्या. कच्चा माल ग्रहाग्रहांवर विखुरलेला, आणि त्याच्या प्रत्येक साठ्याचे गुणधर्म वेगळे: एका पोलादाची कठीणता जास्त, दुसऱ्याची लवचिकता. एखादा साठा काही दिवस सापडे आणि मग नाहीसा होई. तंतोतंत तसा साठा पुन्हा कधीही येत नसे. त्यामुळे चांगल्या शस्त्रकाराची कोठी म्हणजे जणू एक खाजगी इतिहास असे. शस्त्रे आणि चिलखते वापराने झिजत, म्हणून गिऱ्हाईक परत येई. सार्वजनिक बाजारयंत्रावर ठरावीक मर्यादेपेक्षा महाग माल विकता येत नसे, म्हणून चांगल्या वस्तूसाठी दुकानाची पायरी चढावीच लागे. व्यापारी हा स्वतंत्र पेशा होता. विक्रेत्याला गिऱ्हाइकांना हाका मारायला शिकवणे किंवा दुकानाची नोंद ग्रहाच्या नकाशावर करणे, ही त्या पेशाची कौशल्ये होती. लढवय्याला कारागिराची गरज, आणि लढाईचा शीण उतरवण्यासाठी मद्यगृहातल्या नर्तकीची. कुणाचेही कुणावाचून भागू नये, अशी ही बांधणी होती.

याच सुमारास दुसरीकडे वेगळीच दिशा धरली जात होती. 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) या खेळात सुरुवातीला विक्रीसाठी लोक एका बोगद्यात जमून ओरडत. डिसेंबर २००१ मधल्या विस्तारात त्यांना बाजारपेठ मिळाली, पण तिथे आपले पात्र दुकानदार म्हणून बसवून संगणक रात्रभर चालू ठेवावा लागे. कोरियातल्या 'रॅग्नरॉक ऑनलाईन'मध्ये (२००२) व्यापारी हातगाडी घेऊन राजधानी प्रोंतेराच्या रस्त्यांवर ओळीने बसत आणि डोक्यावर पाटी लावत. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा सारा व्याप बाजूला सारून लिलावघर पुढे केले. वस्तूचे नाव टाका, भावाच्या क्रमाने यादी समोर येते, सर्वांत स्वस्त ती घ्या. विकणाऱ्याचे नाव यादीत असते, पण ते वाचायचे कारण उरत नाही. जो रुपयाने स्वस्त तो वर.

एमील झोला यांची 'ओ बोनेर दे दाम' (१८८३) ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. पॅरिसमधल्या भव्य वस्तुभांडाराने गल्लीतली जुनी दुकाने एकेक करून गिळली, त्याची ती गोष्ट. झोलांचे मोठेपण असे की त्यांनी केवळ शोक केला नाही. भांडाराची झगमग त्यांना भुरळ घालते, आणि जुन्या कापडदुकानदाराची पुतणीच त्या भांडारात नोकरीला लागते. लिलावघराबाबतही आपल्याला इतपत प्रामाणिक राहायला हवे. खेळाडूंवर ते कुणी लादले नाही; त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. दहा दुकाने हिंडून अकराव्यात रिकामा नोकर उभा दिसणे यात काव्य कमी आणि वैताग अधिक होता. 'अल्टिमा'त सुरुवातीच्या काळी दुकानाच्या वाटेवर लुटारू दबा धरून बसत. त्याला कंटाळलेल्यांसाठी २००० साली खेळाडूने खेळाडूला मारता येऊ नये असे वेगळे जग निर्माण करावे लागले.

दुकानदारीच्या बाजूने बोलताना पैशाकडेही डोळेझाक करता येत नाही. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मधल्या शोधनिबंधात 'एव्हरक्वेस्ट'च्या नोराथ या जगाचे दरडोई उत्पन्न काढले, तेव्हा ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध आले. ज्या जगातल्या नाण्याला बाहेर भाव आहे तिथे भातुकली फार काळ भातुकली राहत नाही. ज्युलियन डिबेल या लेखकाने 'अल्टिमा ऑनलाईन'मधल्या मालाच्या व्यापारावरच आपली मुख्य कमाई करून दाखवण्याचा वर्षभराचा प्रयोग केला आणि त्याची हकिकत 'प्ले मनी' (२००६) या पुस्तकात लिहिली. खेळ आणि श्रम यांच्यातली रेघ पुसट होत जाते, हे त्या पुस्तकातून स्वच्छ दिसते.

हे सारे मान्य करूनही मला वाटते की लिलावघराची किंमत आपण कमी धरली आहे. 'डायब्लो ३'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मे २०१२ मध्ये आलेल्या या खेळात लिलावघर होते, आणि लवकरच खऱ्या पैशांत व्यवहार करणारे दुसरेही सुरू झाले. सोय परिपूर्ण होती. परंतु राक्षस मारावेत आणि त्यातून अवचित काही चांगले हाती लागावे, हा त्या खेळाचा गाभा; तो या सोयीने पोकळ झाला. हवे ते यादीतून घेता येत असेल तर राक्षसाच्या मागे कशाला लागायचे? अखेर १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद करण्यात आले. सोयीने खेळाचा अर्थच जाऊ शकतो, हे इथे खुद्द कंपनीला मान्य करावे लागले. फरक इतकाच की राक्षसांची शिकार ओस पडली तेव्हा कंपनीच्या ते ध्यानात आले. दुकाने ओस पडली तेव्हा फारसे कुणाच्या आले नाही.

'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज'चा शेवट याहून कडवट आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने खेळाची सगळी चौकटच बदलली. तिसाच्या आसपास असलेले पेशे नऊवर आणले गेले. प्राणी माणसाळवणाऱ्यांचा पेशा गेला, ते प्राणी घडवणाऱ्या जैव-अभियंत्यांचा गेला; व्यापारी हा स्वतंत्र पेशाही उरला नाही. खेळ सोपा करून नवे लोक आणावेत, असा हेतू होता. झाले ते असे की जुन्या लोकांनी दोन वर्षे जमवलेले ज्ञान, माल आणि गिऱ्हाईक एका आठवड्यात निरुपयोगी ठरले. त्याआधी काही दिवसच नवा विस्तार विकला गेला होता. ओरड इतकी झाली की कंपनीला त्याचे पैसे परत देऊ करावे लागले. विस्ताराचे पैसे परत करता येतात, पत परत करता येत नाही. १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळ कायमचा बंद झाला.

आपल्या विद्याशाखेचा प्रश्न इथे सुरू होतो. जी जागा दुकानदाराने शोधली, जी पाटी त्याने लिहिली, जे नाव त्याने कमावले, त्यातले काहीही कायद्याने त्याचे नव्हते. भाडेकरूने सजवलेले घर मालकाने पाडावे तसे ते गेले. एखादी कादंबरी छापणे बंद झाले तरी कुठल्यातरी ग्रंथालयात तिची प्रत सापडते. इथे संहिताच सर्व्हरवर होती आणि सर्व्हर विझला. चाहत्यांनी २००५ पूर्वीची स्थिती पुन्हा उभारण्याचे चिकाटीचे प्रयत्न केले आहेत आणि त्यांना बऱ्याच अंशी यशही आले आहे. पण त्यांनी उभारले ते नियम, ग्रह, यंत्रे. मूळ दुकानांची पत त्या प्रतीत उतरवता येत नाही, कारण ती मुळात संगणकात साठवलेलीच नव्हती. ती माणसांत होती.

यापुढे खेळांच्या अभ्यासाने नायकाच्या मोहिमेवरून नजर थोडी बाजूला वळवावी आणि या दुकानदारांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात, असे मी सुचवीन. त्यांनी काय विकले, किती कमावले, हे दुय्यम आहे. वस्तूचे वर्णन लिहिताना त्यांनी कोणाला नजरेसमोर धरले होते, न पाहिलेल्या गिऱ्हाइकाची वाट कशी पाहिली, दुकान मिटल्यावर कोणी विचारपूस केली का, हे विचारावे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ही पद्धत अपरिचित नाही. जात्यावरची ओवी टिपायला ते अशाच घाईने गेले होते, कारण जाते बंद पडत होते. त्या ओव्याही काम करतानाच रचल्या गेल्या होत्या आणि त्यांना साहित्य म्हणायला आपण फार उशीर केला होता. खेळातला तो लोहार, ती शिंपीण, तो गंधकाची राख विकणारा आज मध्यमवयाकडे झुकलेला असेल. त्याला विचारायला अजून वेळ आहे.